कोरड्या सरोवरावरची बहात्तर उड्डाणं

बालमित्रांनो, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. सहलीला गेला नसाल, तर निदान चित्रात तरी नक्कीच. विवराच्या काठावर उभं राहिलं, की पाय आपोआप एक पाऊल मागे येतात. खाली वाडग्यासारखा गोल खोलगट भाग, उतारावर दाट झाडी आणि तळाशी खारं, हिरवट पाणी. उल्का आदळून तयार झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. विशेष म्हणजे ते आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये झालेलं आहे. मंगळाच्या जमिनीवरही बेसॉल्टच मोठ्या प्रमाणावर आहे. त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना आपल्या लोणारचं भारी कौतुक!

आज मात्र आपल्याला जायचंय ते लोणारच्या एका थोरल्या भावाकडे. त्याचं नाव जेझेरो. तो राहतो मंगळावर. रुंदी किती म्हणाल, तर तब्बल ४५ किलोमीटर. चर्चगेटला लोकलमध्ये बसलात आणि थेट भाईंदरला उतरलात, म्हणजे जवळपास तेवढं अंतर! हे नाव बोस्नियातल्या एका गावावरून ठेवलेलं आहे, आणि त्या भागातल्या कितीतरी भाषांमध्ये 'जेझेरो' म्हणजे सरोवर. गंमत पाहा, नाव सरोवर आणि पाण्याचा एक थेंब नाही. पण एके काळी होतं बरं का! साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी पश्चिमेकडून एक नदी कडा फोडून या विवरात शिरत होती. तिने आणलेला गाळ मुखाशी पंख्यासारखा पसरला. भूगोलात तुम्ही 'त्रिभुज प्रदेश' शिकता ना, तोच हा. पाणी गेलं, नदी गेली, गाळ मात्र दगड होऊन अजून तिथेच आहे.

तर चला, कल्पनेने तिथे उतरू या. आकाश निळं नाही, फिकट पिवळसर तांबूस आहे. पायाखाली बारीक खडी, मधूनच चपटे खडक, आणि खडकांच्या मधे मधे वाळूच्या लाटा. समुद्रकिनारी ओल्या वाळूवर वाऱ्याने नक्षी उठते तशाच, पण कितीतरी मोठ्या. रात्री इतकी थंडी, की शून्याखाली ९० अंशांपर्यंत पारा उतरतो. हवा आहे, पण ती नावालाच. पृथ्वीवर सुमारे ३० किलोमीटर उंचीवर जेवढी विरळ हवा असते, तेवढी इथे जमिनीलगत.

अशा ठिकाणी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हिअरन्स नावाची सहा चाकांची बग्गी उतरली, आणि तिच्या पोटाखाली घडी घालून ठेवलेलं होतं एक चिमुकलं हेलिकॉप्टर, इंजेन्युइटी. इंजेन्युइटी म्हणजे कल्पकता. हे नाव सुचवलं होतं अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका शाळकरी मुलीने! आणि या हेलिकॉप्टरचे मुख्य अभियंते कोण, माहीत आहे? बॉब बलराम. आपल्या मद्रासच्या आयआयटीत शिकलेले.

या पाहुण्याचं वजन पृथ्वीवर १.८ किलो, म्हणजे दोन किलो साखरेच्या पिशवीपेक्षाही कमी. पाती मात्र चांगली लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत १.२ मीटर. एकावर एक अशा दोन जोड्या, उलटसुलट दिशांना फिरणाऱ्या. विरळ हवेत वर उचललं जायचं, तर पाती फार वेगाने फिरवावी लागतात. आपल्या घरातला छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे घेतो, तर ही पाती सुमारे अडीच हजार! पाठीवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारा एक पत्रा, आणि त्या पत्र्याखाली चिकटवलेला कापडाचा एक इवलासा तुकडा. राइट बंधूंनी १९०३ साली जे विमान उडवलं, त्याच्या पंखाच्या कापडाचा तुकडा आहे तो.

१९ एप्रिल २०२१ रोजी इंजेन्युइटी पहिल्यांदा उडालं. तीन मीटर वर गेलं, जागेवरच तरंगलं आणि ३९ सेकंदांत खाली आलं. दुसऱ्या ग्रहावर इंजिनाच्या बळावर झालेलं हे पहिलं नियंत्रित उड्डाण. त्या उड्डाणात त्याने पोटाखालच्या कॅमेऱ्याने स्वतःच्याच सावलीचा फोटो काढला.

आता एक प्रश्न. हे हेलिकॉप्टर चालवत कोण होतं? तुम्ही म्हणाल, पृथ्वीवरून कुणीतरी बटणं दाबत असेल. तसं नाही. मंगळापर्यंत संदेश जायलाच तीन ते बावीस मिनिटं लागतात. 'अरे, समोर टेकडी आली, वर घे!' असं इथून ओरडेपर्यंत तिकडे सगळा खेळ आटोपलेला असणार. त्यामुळे मार्ग आदल्या दिवशी आखून पाठवायचा, आणि प्रत्यक्ष उडताना हेलिकॉप्टरने आपलं आपण सांभाळायचं. मी जमिनीपासून किती वर आहे, किती वेगाने चाललो आहे, कुठे वळलो आहे, हे सगळं त्याचं त्यालाच कळायला हवं. मंगळाभोवती दिशा सांगणारे उपग्रह नाहीत. होकायंत्र चालावं असं ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र नाही. वटवाघळासारखा आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकावा, तर एवढ्या विरळ हवेत आवाज फार लांब पोचत नाही.

मग त्याच्याकडे होतं तरी काय? पोटाखाली एक काळा-पांढरा कॅमेरा, हेलकावे ओळखणारी बारीक यंत्रं, आणि सरळ खाली रोखलेली एक लेझर मोजपट्टी. हिलाच लायडर म्हणतात. आपल्या आजच्या गोष्टीची नायिका हीच.

लायडरचं काम अगदी सोपं आहे. लेझर प्रकाशाचा एक क्षणिक झोत खाली सोडायचा, तो जमिनीवर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तेव्हा वेळेवरून अंतर काढता येतं. सोपं म्हटलं खरं, पण वेळ किती असतो पाहा! दहा मीटर उंचीवरून प्रकाश खाली जाऊन वर यायला एका सेकंदाचे १०० कोटी भाग केले, तर त्यातले जेमतेम ६७ भाग लागतात. आणि त्यातला एक भाग इकडेतिकडे झाला, की उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक! एवढं बारीक मोजणारं हे यंत्र आगपेटीपेक्षा थोडंसंच मोठं, वजन अवघं २२ ग्रॅम. आणि ते मंगळासाठी मुद्दाम घडवलेलंही नव्हतं. हौशी लोक आपल्या ड्रोनला लावतात, तेच 'लायडर-लाइट' नावाचं, बाजारात मिळणारं यंत्र तिथे नेलं होतं.

मग झालंच की काम! खाली बघायचं, दहा मीटर ठेवायचं, जमीन वर आली की वर जायचं, खाली गेली की खाली जायचं. जमिनीचा चढउतार पाहत तिच्यावरून सारख्याच उंचीने उडत राहायचं. यात अवघड ते काय?

थांबा. घरी एक खेळ करून पाहा. आई किंवा बाबांना बरोबर घ्या, आणि जिन्याजवळ किंवा गच्चीवर मुळीच नको, घरातच. जमिनीवर एक गादी आणि दोन-चार उशा टाका. डोळ्यांवर रुमाल बांधा. हातात एक काठी अगदी सरळ खाली धरा, टोक जमिनीला टेकलेलं, आणि हळूहळू चाला. मूठ सैल ठेवा, म्हणजे काठी वरखाली सरकेल. आता गादीच्या कडेला आलात, की काठी एकदम वर सरकेल. पण कधी? टोक गादीवर चढल्यावर! त्याच्या आधी गादी पुढे आहे हे काठीने तुम्हाला सांगितलंच नाही. लायडर म्हणजे अशी सरळ खाली धरलेली काठी. पायाखाली काय आहे ते ती बिनचूक सांगते. एक पाऊल पुढे काय आहे, याबद्दल अवाक्षर नाही.

आणखी एक गंमत. काठी वर सरकली म्हणजे जमीन उंच झाली, की तुमचाच हात खाली गेला? नुसत्या काठीवरून सांगता येईल? नाही. लायडरचंही तसंच. दहा मीटरचे सात मीटर झाले, एवढंच ते म्हणतं. टेकडी आली की आपणच खाली घसरलो, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठी दुसऱ्या यंत्रांची साक्ष काढावी लागते.

आणि काठी तिरकी झाली तर? हेलिकॉप्टर पुढे जायला लागलं, की नाक खाली करून झुकतं. त्याबरोबर पोटाखालचा लेझरही तिरका होतो. समजा, उंची बरोबर १० मीटर आहे आणि यंत्र २० अंश कललं आहे. लेझरला तिरकं जावं लागतं, म्हणून तो सांगतो सुमारे १०.६ मीटर. आठवी-नववीतल्या मित्रांनी हा त्रिकोण कागदावर काढून पाहावा. संगणक हा हिशोब करून आकडा दुरुस्त करतो. मात्र त्या हिशोबात खालची जमीन सपाट आहे, असं धरलेलं असतं. हे 'धरलेलं असतं' नीट लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरूनच मोठा पेच येणार आहे.

जेझेरोला परतण्याआधी मनातल्या मनात एक चक्कर लोणारला मारू. मनातल्या मनातच हं, कारण ते अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नसतो. आपला कल्पनेतला ड्रोन दहा मीटरवर ठेवला आणि काठावरून पुढे ढकलला. काठ संपला, आणि खालची जमीन शंभर मीटरहून जास्त खोल कोसळली. आपली लेझर मोजपट्टी चांगल्या परिस्थितीतही ४० मीटरपर्यंतच मोजते. झोत खाली गेला, इतका क्षीण होऊन परतला की यंत्राला तो ओळखूच येईना. आता ड्रोनने काय समजायचं? जमीन फार खोल गेली? की यंत्र बिघडलं? पुढे झाडी आली. एक झोत शेंड्याच्या पानावर आपटला, दुसरा फांद्यांच्या फटीतून थेट मातीवर. आकडे उड्या मारायला लागले, आठ, पंधरा, नऊ, सोळा. यातली जमीन कुठली? आणि शेवटी पाणी. शांत पाणी आरशासारखं. झोत जरा तिरका पडला, तर तो भलतीकडेच निघून जातो आणि परत काही येत नाही. शिवाय धुळीचा लोट उठला, की लेझर धुळीलाच जमीन समजू शकतो, हे आणखी वेगळंच.

जेझेरोत झाडं नाहीत, पाणी नाही. तेव्हा अर्धे प्रश्न सुटले. राहिले दोन, धूळ आणि चढउतार. धुळीवर अभियंत्यांनी उपाय केला होता. उतरताना जमीन अगदी जवळ आली, की कॅमेऱ्याची चित्रं वापरायचीच नाहीत. चढउताराचं मात्र तसं नव्हतं. मुळात इंजेन्युइटी बनवलं होतं ते अवघ्या पाच उड्डाणांसाठी, तीस दिवसांसाठी, आणि तेही सपाट जागेवर. उडता येतं एवढं दाखवून दिलं की संपलं, असा बेत होता. म्हणून त्याच्या संगणकाला शिकवताना खालची जमीन सपाट आहे असंच धरून चालायला सांगितलं होतं. त्यात चूक काही नव्हती. पाच उड्डाणांना ते पुरेसं होतं. पण पाहुणा उडतच राहिला! सहावं झालं, सातवं झालं, आठवं झालं. आणि मग पृथ्वीवरच्या मंडळींना नवव्या उड्डाणाची एक धाडसी कल्पना सुचली.

जेझेरोच्या तळावर सेइता नावाचा एक भाग आहे. अमेरिकेतल्या नाव्हाहो लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ 'वाळूच्या मधोमध'. नावाप्रमाणेच तिथे वाळूचे ढिगारे आणि खडकांचे कंगोरे. पर्सिव्हिअरन्स त्यात शिरली असती, तर चाकं रुतण्याची भीती. तिला मोठा वळसा घालून जावं लागत होतं. हेलिकॉप्टरला कसली वाळू नि कसलं काय! ते वरून सरळ पलीकडे जाऊ शकणार होतं आणि बग्गीला कधीच न दिसणाऱ्या खडकांचे फोटोही काढणार होतं. अडचण एकच. वाटेत जमीन एका खोलगट भागात उतरत होती आणि पलीकडे पुन्हा वर चढत होती.

आता यात बिघडतं काय? एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहताना तुम्ही काय पाहता, ते आठवा. रस्त्याकडेचे विजेचे खांब सपासप मागे पळतात, लांबचा डोंगर मात्र सावकाश सरकतो. आपल्याला माहीत असतं की खांब जवळ आहे आणि डोंगर लांब. पण समजा, एखाद्याला सांगून ठेवलंय की 'खिडकीतून दिसणारं सगळं सारख्याच अंतरावर आहे.' मग तो बिचारा काय म्हणेल? एक वस्तू वेगाने सरकतेय, दुसरी हळू, म्हणजे आपली गाडी वळत असणार!

अगदी हेच इंजेन्युइटीचं होत होतं. त्याचा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं काढायचा. संगणक त्यात ठळक दिसणारे दगडगोटे हेरायचा, आणि एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ते किती सरकले यावरून आपला वेग ठरवायचा. पण दगड किती सरकला हे कळायला तो किती लांब आहे हे माहीत हवं. ते सांगायचा लायडर. आणि लायडर सांगायचा एकाच ठिपक्याचं अंतर. संगणक तेच अंतर सगळ्या चित्राला लावायचा, कारण जमीन सपाट धरलेली! उतारावर एका बाजूचे दगड जवळ, दुसऱ्या बाजूचे लांब. जवळचे भरभर सरकणार, लांबचे हळू. संगणकाला वाटणार, 'अरेच्चा, मी वळलो!' आणि तो न झालेलं वळण सरळ करायला जाणार. म्हणजे खरोखरच भलत्या दिशेला जाणार.

लायडरने आकडा खोटा दिला असता, तर तो पकडता तरी आला असता. इथे आकडा खरा होता, पण तो एकाच जागेचा होता, आणि बाकीच्या जमिनीबद्दल त्यावरून नुसता अंदाज बांधला जात होता.

मंडळींना हे सगळं ठाऊक होतं. बरं, हेलिकॉप्टर एकच, दुसरं नाही. दुरुस्तीला माणूस जाणार नाही. जायचं की नाही? शेवटी ठरलं, जायचं. खोलगट भागाच्या कडेला, जिथे गोंधळ होण्याचा संभव सर्वांत जास्त, तिथे वेग कमी करायचा. आणि उतरण्याची जागा नेहमीपेक्षा मोठी धरायची, ५० मीटर त्रिज्येचं एक वर्तुळ. त्यात कुठेही उतरलं तरी चालेल.

५ जुलै २०२१. इंजेन्युइटी उडालं. सेकंदाला पाच मीटर वेग, एकूण ६२५ मीटर अंतर, हवेत १६६ सेकंद. तोपर्यंतचे अंतराचे, वेळेचे आणि वेगाचे सगळे विक्रम त्याने मोडले. पृथ्वीवरच्या लोकांना मात्र त्या १६६ सेकंदांत करण्यासारखं काहीही नव्हतं. परीक्षेचा पेपर देऊन आल्यावर निकालाची वाट पाहतो, तशी नुसती वाट पाहायची. निकाल आला, तेव्हा हेलिकॉप्टर सुखरूप होतं आणि त्या वर्तुळात उतरलेलं होतं. कुठे? मध्यापासून तब्बल ४७ मीटरवर! फक्त तीन मीटरने आत. मला विचाराल तर सगळ्या बहात्तर उड्डाणांमध्ये हे खरं शूर उड्डाण.

त्यानंतर इंजेन्युइटी पुढे पुढे जात राहिलं, बग्गीच्या आधी जाऊन वाट पाहणाऱ्या पायलटासारखं. आता जायचं होतं त्रिभुज प्रदेशाकडे, म्हणजे प्राचीन गाळाच्या चढणीवर. तिथे 'जमीन सपाट धरा' म्हणून भागणार नव्हतं. तेव्हा अभियंत्यांनी इथून नवी आज्ञावली लिहून पाठवली, आणि २२ नोव्हेंबर २०२२ रोजी चौतिसाव्या उड्डाणात ती पहिल्यांदा चालवून पाहिली. उड्डाण कसलं, पाच मीटर वर जाऊन अठरा सेकंदांत खाली! पण दोन नव्या गोष्टी आता त्याला येत होत्या. उतरताना मोठे दगड ओळखून टाळणं ही एक. दुसरी म्हणजे, जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा त्याच्याजवळ दिलेला होता. पुढची जमीन चढाची आहे की उताराची, हे आता त्याला आधीच ठाऊक. काठीला नकाशाची जोड मिळाली म्हणा ना! त्याच्या जोरावर ते चढणीवर गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर एका उड्डाणात २४ मीटर उंच गेलं आणि त्याच महिन्यात सेकंदाला दहा मीटर एवढा वेगही गाठला. मधल्या काळात धुळीने वीज कमी पडली, रात्रीच्या थंडीने संगणक बंद पडू लागला, कलणं मोजणारं एक यंत्र निकामी झालं तेव्हा दुसऱ्या यंत्राकडून ते काम करून घेतलं. पाच उड्डाणांसाठी गेलेला पाहुणा जवळजवळ तीन वर्षं राहिला.

पण नकाशावर टेकड्या दिसतात, दगडगोटे दिसत नाहीत. आणि कॅमेऱ्याला तर दगडगोटेच हवे होते.

२०२४च्या जानेवारीत इंजेन्युइटी अशा भागात आलं, जिथे जवळजवळ नुसती वाळू होती. एकासारखी एक वाळूची लाट, त्यात ठळक असं काही नाही. समुद्रात होडीत बसल्यावर चहूकडे सारखंच पाणी दिसावं, तसं. ६ जानेवारीच्या एकाहत्तराव्या उड्डाणात कॅमेऱ्याला धरून ठेवण्यासारख्या खुणाच सापडेनात, आणि त्याने मध्येच तातडीने खाली उतरून घेतलं. आपण नेमके कुठे आहोत, यंत्रं ठीक आहेत ना, हे पाहण्यासाठी १८ जानेवारीला एक छोटं उड्डाण ठरलं. सरळ वर, सरळ खाली. बस्स.

बहात्तरावं उड्डाण. १२ मीटर वर गेलं. थोडा वेळ तरंगलं, फोटो काढले. १९व्या सेकंदाला खाली यायला लागलं. ३२व्या सेकंदाला ते जमिनीवर होतं, आणि बग्गीशी बोलणं बंद झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी संपर्क परत झाला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण काही दिवसांनी त्याच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आला. त्यात वाळूवर पात्याची सावली पडलेली होती, आणि त्या सावलीत पात्याचं टोक नव्हतं. २५ जानेवारी २०२४ रोजी नासाने जाहीर केलं, की इंजेन्युइटी आता पुन्हा उडणार नाही.

नेमकं झालं काय? तपास करायचा तर अपघाताची जागा कोट्यवधी किलोमीटर दूर. पाहणारा साक्षीदार नाही, विमानात असते तशी काळी पेटीही नाही. हाती आलेली माहिती आणि फोटो, एवढ्यावरून अभियंत्यांनी महिनोन्महिने कोडं सोडवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष सांगितला. आधी वाटलं होतं, की उतरताना पाती जमिनीला लागून मोडली. ते तसं नव्हतं. कोऱ्या वाळूवर खुणा न मिळाल्यामुळे आपण आडवे किती वेगाने सरकतोय, हे हेलिकॉप्टरला नीट कळलंच नाही. उंची मोजणारा लेझर इथे मदतीला येऊ शकत नव्हता, कारण तो सरळ खालचं अंतर सांगतो, आडवं सरकणं सांगत नाही. सरळ खाली यायच्या ऐवजी ते बाजूला सरकत वाळूच्या लाटेच्या उतारावर जोरात आदळलं आणि एकदम कललं. त्या झटक्याने पात्यांवर सोसवणार नाही एवढा ताण आला. चारही पाती टोकापासून सुमारे एक तृतीयांशावर, जिथे ती सर्वांत कमजोर होती, तिथे मोडली. मग तोल गेलेल्या पात्यांच्या थरथराटाने उरलेल्या एका पात्याचा भाग मुळापासून निखळून लांब फेकला गेला.

सपाट खडीवर लायडर आणि कॅमेरा एकमेकांचे पक्के सोबती होते. एक म्हणायचा 'एवढं उंच', दुसरा म्हणायचा 'एवढं पुढे'. सेइताच्या उतारावर पहिल्याचा एक आकडा सगळ्या जमिनीला पुरेना. शेवटच्या वाळूत दुसऱ्यालाच काही दिसेना. म्हणून पुढची अशी यंत्रं बनवताना एका ठिपक्याऐवजी अनेक ठिपके मोजणारे लेझर, पुढेही पाहणारे कॅमेरे आणि खुणा मिळाल्या नाहीत तर काय करायचं याची आधीच ठरवलेली रीत, या सगळ्याचा विचार करावा लागतो. पृथ्वीवर शेतावरून फवारणी करत जाणाऱ्या किंवा डोंगरांची मोजणी करणाऱ्या ड्रोनवाल्यांनाही हेच प्रश्न पडतात. फरक एवढाच, की त्यांचा ड्रोन पडला तर ते चालत जाऊन उचलून आणतात.

एकूण ७२ उड्डाणं, हवेत जवळजवळ १२९ मिनिटं, आणि सुमारे १७ किलोमीटर प्रवास. जिथे ते शेवटचं उतरलं, त्या जागेला त्याच्या चमूने 'व्हॅलिनॉर हिल्स' असं नाव दिलं. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी पर्सिव्हिअरन्सने सुमारे ४५० मीटरवरून त्याचा फोटो काढला. वाळूच्या लाटेच्या उतारावर, जराशा कललेल्या चार बारीक पायांवर ते उभं दिसतं. त्याच महिन्यात काढलेल्या दुसऱ्या एका फोटोत तुटलेलं पातंही सापडलं, हेलिकॉप्टरपासून सुमारे १५ मीटरवर. उडणं थांबलं तरी आतला संगणक चालू होता. डिसेंबर २०२४ मध्येही ते आठवड्यातून एकदा हवामानाची आणि यंत्रांची खबर बग्गीला कळवत होतं.

बग्गी तोवर पुष्कळ पुढे गेली होती. त्या नदीच्या जुन्या पात्रातून पुढे होऊन ती जेझेरोच्या पश्चिमेच्या कड्यावर चढू लागली. घसरडी वाळू, उभा चढ, आणि ५०० मीटरची चढण. ती संपवून २०२४च्या डिसेंबरमध्ये ती माथ्यावर पोचली. तिथून मागे वळून पाहिलं, तर सगळं कोरडं सरोवर खाली पसरलेलं दिसतं. त्रिभुज प्रदेश, सेइताची वाळू, आणि कुठेतरी, दिसणार नाही इतकं लहान, ते हेलिकॉप्टर.